बेलभंडारा आणि नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्र हा विषय शाळेत कुणालाच नको असतो. मुलांना नको, कारण त्यात गोष्ट नाही. शिक्षकांना नको, कारण तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा. मुलं पेंगत असतात आणि परीक्षेत गुणही थोडे. आमच्या शाळेत तो ज्याच्या गळ्यात पडेल तो वर्षभर कुरकुरायचा. माझ्याबरोबरचे एक मास्तर मात्र तो मागून घ्यायचे. आणि असा जीव ओतून शिकवायचे, की त्यापायी एका बाईचं बिऱ्हाड गावातून उठलं. इतकी वर्षं झाली, माझा त्यांच्यावरचा राग काही जात नाही. राग आला की पाठोपाठ हेही आठवतं, की इतकं निर्मळ माणूस मला पुन्हा भेटलं नाही. मग मी चहा करून घेतो.

चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून असलेल्या एका गावात आमचं हायस्कूल होतं. हायस्कूल म्हणायचं आपलं. तीन खोल्या आणि एक लांबलचक पडवी, पडवीत बांबूचे तट्टे उभे करून पाडलेले वर्ग. माझं गणित आणि त्यांचं नागरिकशास्त्र एका तट्ट्याच्या दोन बाजूंना चालायचं. मी म्हणायचो, "समजा, क्ष बरोबर पाच." लगेच पलीकडून आवाज, "समजू नका नागरिक, विचारा." माझी पोरं फिदीफिदी हसायची. क्षची किंमत त्या वर्षी कुणालाच नीट कळली नाही.

पोरांना ते नागरिक म्हणायचे, म्हणून पोरं त्यांना नागरिक सर म्हणायची. "नागरिक, शेंबूड पुसा." "ओ नागरिक, शेळी बाहेर बांधून या." दिघीकडे लष्कराचा सराव असला की लांबून धडाधड आवाज यायचे. पोरं दचकायची. सर बोट वर करून म्हणायचे, "संरक्षण खातं बोलतंय. बोलू द्या." आणि धडा पुढं सुरू. किडकिडीत अंगावर काळा कोट, कोटाच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात भाजलेले हरभरे. पुष्कळदा हात चुकायचा आणि खडू तोंडात जायचा.

बैलगाडीच्या चाकोरीतूनही ते डाव्या बाजूनं चालायचे. मैलभर माळ, चिटपाखरू नाही, आणि हे आपले डावीकडून. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, इथं कोण धडकणार आहे तुम्हाला?" म्हणाले, "कुणी बघत नसताना जो डावीकडून चालतो तो नागरिक. बाकीचे पोलिसाला भिणारे." घरातही हाच कारभार. घरी माणसं तीन, ते, वहिनी आणि त्यांची म्हातारी आई. भाजी काय करायची यावर मतदान व्हायचं. एकदा मी जेवायला होतो तेव्हा बहुमतानं वांगं पास झालं. वहिनी म्हणाल्या, "ठराव झाला असेल तर चूल कोण फुंकणार तेही बहुमतानं ठरवा." सर खरोखरच उठले आणि चूल फुंकायला बसले. डोळे लाल होऊन खोकत खोकत बाहेर आले, आणि मग वहिनींनीच पुढचं केलं.

पाठ्यपुस्तकावर त्यांचा भारी दात होता. ते पुस्तक राष्ट्रपतींपासून सुरू व्हायचं आणि उतरत उतरत शेवटच्या पानांत कुठं तरी गावापर्यंत यायचं. "उलटं छापलंय हो हे," ते म्हणायचे. "या पोरांना राष्ट्रपती दिसणार कधी? तलाठी रोज दिसतो." म्हणून त्यांनी स्वतःचे धडे बांधले. त्यांना ते घटक म्हणायचे. पाणवठ्याचा घटक, चावडीचा घटक, पंचनाम्याचा घटक, निवडणुकीचा घटक. नियम एकच, आधी करायचं आणि मग वाचायचं. चावडीच्या घटकात अख्खी नववी घेऊन ते चावडीवर गेले, तेव्हा तलाठी मागच्या दारानं निघून गेला. पंचनाम्याच्या घटकात त्यांनी हेडमास्तरांची छत्री पळवली. पोरांनी मापं घेतली, साक्षी नोंदवल्या, शिपाई झालेले दोघं एका पोराला चोर म्हणून धरून हेडमास्तरांसमोर घेऊन गेले. हेडमास्तरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या चोराला खरोखर दोन छड्या मारल्या. सर म्हणाले, "हा पुढच्या घटकाचा विषय, न्यायदान."

त्या नववीत सोना होती. वर्गात मुली दोनच, त्यातली एक. सरांनी वर्गाची सभा नेमली होती आणि सोना तिची सभापती. बारीक अंगाची, तेल चोपडून घट्ट दोन वेण्या, आणि आवाज मात्र खणखणीत. "सभासदानं खाली बसावं," असं तिनं म्हटलं की मिशा फुटलेले घोडे खाली बसत. तिचा बाप वारला होता. आई एकटीनं दोन एकर जमीन करायची. गावचे कारभारी तात्या, म्हणजे आईचे चुलतदीर. गावात पान हललं तरी तात्यांना विचारून हलायचं. आमच्या शाळेची पडवीसुद्धा त्यांचीच. तात्यांचा एक माणूस दर पेरणीला सोनाच्या आईचा बांध कोरायचा, नांगर थोडा थोडा आत सारायचा. ती तात्यांकडं गेली की तात्या म्हणायचे, "बघू, बघू." वर्षानुवर्षं ते बघतच होते.

अशात देशाची दुसरी निवडणूक आली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र. मतदारानं पडद्याआड जायचं आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. तात्यांनी एक उमेदवार धरला होता. त्यांनी गावाला खंडोबाच्या देवळात बोलावलं, आणि घरटी एका माणसाला बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घ्यायचा आणि देवासमोर शब्द द्यायचा, की मत त्याच पेटीत टाकीन. आमच्याकडं याहून मोठी शपथ नाही. सोनाच्या घरात कर्ता पुरुष नाही, म्हणून तिच्या आईनंही उचलला. नको म्हणायची सोयच नव्हती.

सरांना हे कळलं आणि ते पेटले. "शब्द असा घेता येत नाही," मला म्हणाले. "पडद्याआड माणूस एकटा असतो. तिथं तात्या नाही, गाव नाही, कुणी नाही." मी म्हटलं, "खंडोबा?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणि त्यांनी निवडणुकीचा घटक काढला तो नुसत्या नववीसाठी नाही, पोरांच्या आयांसाठीही. रविवारी दुपारी पडवीत रॉकेलचे दोन डबे ठेवले, एकावर घोडा आणि एकावर सूर्य काढला, आणि वहिनींचं जुनं लुगडं आडवं बांधलं. बायका आल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण लुगड्याआड गेली आणि आतून ओरडली, "गुरुजी, कंच्यात टाकू?"

"मला विचारू नका. मी इथं नाही," सर बाहेरून म्हणाले.

"आवो, आवाज येतोय की तुमचा."

सगळ्या हसल्या. सोनाची आई हसली नाही. तिनं विचारलं, "मत माझं म्हंजी किती माझं?"

सर म्हणाले, "तुमच्या हातातलं खुरपं जितकं तुमचं, तितकं. मालकीचं. कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि कुणाला दिलं ते विचारायचा कुणालाही हक्क नाही." तिनं मान हलवली. मी तिथंच स्टूल घेऊन बसलो होतो. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींतली पहिली तिला पक्की पटली. दुसरी तिनं ऐकली असेल नसेल.

मतमोजणी झाली. गावच्या पेट्या उघडल्या तेव्हा तात्यांचा माणूस तिथं हजर होता. दुसऱ्या उमेदवाराच्या पेटीतही मूठभर चिठ्ठ्या निघाल्या. तात्यांचा उमेदवार निवडून आलाच होता, तेव्हा नुकसान कुणाचंच नव्हतं. पण गावानं भंडारा उचललेला, आणि तो मोडला होता. तात्यांनी दवंडी दिली, रविवारी पुन्हा देवळात या. पुन्हा भंडारा उचला आणि म्हणा, मी शब्द मोडला नाही. जो उचलणार नाही तो कोण ते गावाला कळेल.

शनिवारी संध्याकाळी सर मला ओढत सोनाच्या घरी घेऊन गेले. तिची आई शेणानं जमीन सारवत होती. सर उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाला मत दिलं ते मला सांगू नका. उद्या नुसता भंडारा उचला आणि म्हणा, मोडला नाही. हे खोटं नव्हे. तुमचं मत लपवणं हा तुमचा हक्क आहे, कायदा तुमच्या बाजूनं आहे."

तिनं हात पुसले. "कायदा येनार हाय का उद्या देवळात?"

"मी येईन."

"तुमी या," ती म्हणाली, आणि आम्हाला गूळपाणी दिलं.

रविवारी देऊळ भरलं होतं. एकेक जण पुढं येत होता, तळहात पुढं करत होता, "मोडला न्हाई," म्हणत होता. मी चेहरे बघत होतो. त्यांत मूठभर तरी खोटे होते, पण कुठले ते ओळखू येत नव्हतं. सोनाच्या आईची पाळी आली. पुजाऱ्यानं पान पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही.

"मोडला," ती म्हणाली. "तुमी तवा जबरीनं उचलाया लावला, त्यो मोडला. ज्याच्या माणसानं माझा बांध कोरला त्याच्या पेटीत मी चिठ्ठी टाकू व्हय? आन् आता देवाम्होरं पुन्यांदा खोटं न्हाई बोलायची. मत माझं हाय. मास्तरांनीच सांगितलं. माझं हाय तर चोरीच्या मालावानी लपवू कशापायी?"

सर गर्दीतून पुढं घुसले. "हे बेकायदेशीर आहे. मत गुप्त असतं. तिला विचारायचा तुम्हाला अधिकार नाही."

तात्या शांतपणे म्हणाले, "मास्तर, कुनाला मत दिलं असं कुनी इचारलं का तिला? शब्द मोडला का, यवढंच इचारलं. ते बी देवानं." मग गावाकडं वळून म्हणाले, "मास्तरांना कुनी काय बोलायचं न्हाई. परका मानूस. त्यांनी पुस्तकातलं सांगितलं." पुढच्याच आठवड्यात त्यांनी सरांना सत्यनारायणाच्या जेवणाला बोलावणं धाडलं. मला वाटतं, सरांना शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी त्या सोसल्या असत्या. त्या बोलावण्यानं ते खचले.

सोनाच्या आईला वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही. ती दळण घेऊन गेली की गिरणीचा पट्टा तुटलेला असायचा. मजुरीनं तिची जमीन नांगरणारा माणूस आला नाही, त्याचा बैल लंगडत होता म्हणे. विहिरीवर तिची घागर भरेपर्यंत बाकीच्या बायका लांब उभ्या राहायच्या आणि बोलणं थांबायचं. ज्यांनी खोटा भंडारा उचलला तेही त्यात होते, तेच जास्त होते. सर चाकणला फौजदाराकडं गेले. मी बरोबर होतो. फौजदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारलं कुणी? अडवलं कुणी? घरात घुसलं कुणी?" सगळ्याला उत्तर नाही. "मग मी कलम कुठलं लावू? गावानं तिच्याशी बोललंच पाहिजे, असा कायदा नाही मास्तर." येताना सर उजवीकडून चालत होते.

वर्गातही तेच झालं. सोनाच्या शेजारची मुलगी उठून मागं बसली. मग पुढची रांग रिकामी झाली. सरांनी सभा बोलावली. तट्ट्याच्या फटीतून मला दिसत होतं. सोना सभापतीच्या खुर्चीवर बसलेली. सरांनीच ठराव मांडला, की वर्गातल्या कुणाशीही कुणी अबोला धरू नये. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." एकही हात वर गेला नाही. पोरं खाली मान घालून बसली होती. एकदोघं रडत होते, पण हात मांडीवरच. सभापतीला मत नसतं, हा सरांचाच नियम. सोनानं सगळा वर्ग नजरेनं मोजला, आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "ठराव नामंजूर."

मी नंतर त्यांना विचारलं, "तुम्ही तर पडद्यावाले. मग हात का वर करायला लावलेत? पडदा बांधायचा होता."

"भीती वाटली," ते म्हणाले.

"कुणाची? तात्यांची?"

"नाही हो. पडद्याआडही हेच निघालं असतं तर?"

पावसाळ्याआधी सोनाची आई घराला कडी लावून पोरीसह निघून गेली. पिंपरीकडं तेव्हा कारखाने उठत होते, बांधकामांवर माणसं लागत होती. दोन एकर तात्यांच्या माणसानं नांगरायला घेतली. पडीक कशाला ठेवायची, म्हणाला. पुढं मला चिंचवडच्या शाळेत जागा मिळाली, आणि मी खटपट करून सरांनाही तिथं ओढून आणलं. त्या गावात ते राहिले असते तर त्यांना वेड लागलं असतं. तसंही पुष्कळ लागलंच होतं. वर्गात आता ते पोरांना नुसतं "मुलांनो" म्हणायचे.

चिंचवडहून पिंपरी जवळ. दर रविवारी ते एकटेच जायचे, एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर मुकादमांना विचारत. अखेर पत्ता लागला, आणि त्या दिवशी मलाही घेऊन गेले. विटांच्या ढिगाऱ्यामागं पत्र्याच्या झोपड्यांची रांग होती. सोनाची आई दारात भाकरी थापत होती. सोना पाण्याची घागर घेऊन आली, आम्हाला बघून थांबली. डोक्यावरच्या चुंबळीला चुना लागलेला. वेण्या नव्हत्या, नुसता अंबाडा. आई म्हणाली, "आता घमेली वाहती. पुरी मजुरी देत्यात तिला."

सर म्हणाले, "हिला माझ्याकडं द्या. आमच्या घरी राहील. माझी बायको हो म्हणालीय, आई हो म्हणालीय. हिला मी मॅट्रिक करतो." मला माहीत होतं, या वेळी त्यांनी घरात मतदान घेतलं नव्हतं. हात जोडले होते.

आईनं भाकरी उलटली, शेकली, उतरवून ठेवली. तिनं रागाचा एक शब्द काढला नाही. मी तयार होतो, ती चार शिव्या देईल आणि आपण ऐकून घेऊ. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "न्या. हुशार हाय पोरगी. हिसाब शिकवा, विंग्रजी शिकवा. पर गुरुजी, तुमचा त्यो इषय तेवढा हिला शिकवू नका."

सरांचे ओठ हलले, मला वाटलं आता घटक सुरू करतात. "नाही शिकवणार," ते म्हणाले.

"शब्द द्या."

"दिला."

जूनपासून सोना आमच्या चिंचवडच्या शाळेत आली. हेडमास्तरांना सरांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यांनी तिला नागरिकशास्त्राच्या तासाला बाहेर बसायची परवानगी दिली. परीक्षेपुरतं ती पुस्तकातून तिचं ती पाठ करायची. नागरिकशास्त्राची घंटा झाली की सोना उठायची आणि माझी गणितं घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. ती दाराबाहेर पडेपर्यंत सर फळ्याकडं तोंड करून उभे असायचे. मग जाऊन खिडकी लावून घ्यायचे आणि शिकवायला लागायचे.

चैत्रातल्या एका दुपारी मी त्या वर्गावरून चाललो होतो. आत पोरं घामानं भिजली होती. तास संपल्यावर मी सरांना म्हटलं, "अहो, खिडकी तरी उघडी ठेवा. पोरं उकडून मरतील."

"तिला ऐकू जाईल," ते म्हणाले.